दोन बोटं कमी भरलेली पेटी

मागच्या पाण्यानंतर नवव्या दिवशी सकाळी अकराला नळ आला आणि प्रेमलाबाईंनी पदर खोचला. हौद झाला, दिवाणखान्यातला मोठा ड्रम झाला, बादल्या, हंडे, कुकर, इतकंच काय, देवघरातला गडूसुद्धा काठोकाठ झाला. नवीन जालन्यात नळ गेल्यावर एखादं भांडं भरायचं राहिलेलं दिसलं, की प्रेमलाबाईंच्या जिवाला आठवडाभर घोर लागायचा.

नळ जायच्या बेतात असताना त्यांची नजर सुनेच्या टेबलावर गेली. तिथे कॉम्प्युटरची काचेच्या भिंतींची कॅबिनेट होती. आत पारदर्शक नळ्या फिरवलेल्या आणि एका बाजूला लोट्याएवढी टाकी, तिच्यात निळसर पाणी. हे पाणी आत फिरून कॉम्प्युटर थंड ठेवतं, एवढं जान्हवीने समजावलं होतं. प्रेमलाबाईंना त्यातलं एकच दिसलं. टाकी दोन बोटं कमी होती.

या पेटीवर बरंच काही अडकलं होतं. लग्नानंतर जान्हवी पुण्याची नोकरी सोडून आली होती, आणि एका कंपनीने तिला ही कॅबिनेट पारखायला पाठवली होती. मांडणी, पाणी, आवाज सगळं तपासून आज संध्याकाळपर्यंत मत कळवायचं. ते कंपनीला पसंत पडलं तर घरबसल्या कायमचं काम, नाहीतर पुन्हा पुणे. नऊ महिन्यांत प्रेमलाबाईंना या पोरीचा इतका लळा लागला होता, की ती जाईल या विचाराने त्यांना घास उतरत नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. जान्हवी बँकेत गेली होती. तेवढ्यात तिचं एक काम हलकं करावं, म्हणून त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. ते सहज निघालं. चहाच्या किटलीने त्यांनी टाकी भरून टाकली, आणि आतला निळा रंग पार फिका पडला.

त्यांनी घाबरून नवऱ्याला, मुकुंदरावांना हाक मारली. मुकुंदराव बियाण्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले, आणि कोणत्याही गोष्टीवर उपाय काढायची सवय अजून निवृत्त व्हायची होती. रंगच गेलाय ना, मग कपड्यांची नीळ कशाला आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन थेंब पुरले असते. पण त्यांचा हात सढळ. टाकीत दौत उपडी झाल्यासारखं दिसू लागलं. थोडं काढून घेऊ, म्हणून त्यांनी खालची चिमुकली तोटी नुसती चाचपली, तर ती उघडलीच. नशीब, प्रेमलाबाई परात घेऊन उभ्या होत्या. नळाच्या दिवशी त्यांच्या हातात काही ना काही भांडं असतंच. मग नवं पाणी गाळून, नीळ थेंबाथेंबाने मोजून पुन्हा भरणं झालं. या वेळी रंग हुबेहूब जमला.

"बिलकुल कळणार न्हाई," मुकुंदराव म्हणाले. "तू फक्त गप राह्य."

जान्हवी आली ती थेट टेबलाशी बसली. शेवटची चाचणी घेते आणि मत पाठवते, म्हणाली. तिचा हात बटणाकडे गेला. कळणार नाही, हे प्रेमलाबाईंनाही पटलं होतं. पण त्या पाण्याने आत काही बिघडलं, तर पोरीच्या कामावर बोल लागणार, आणि तिला कारणही कळणार नाही. त्यांनी सुनेचा हात धरला.

"थांब. त्यात पाणी मी भरलंय. नळाचं. नीळ बी टाकलीय."

मुकुंदरावांनी पेपर डोळ्यांसमोर धरला.

जान्हवीने बटणाकडचा हात मागे घेतला. मग तिने वही ओढली आणि एकेक विचारायला लागली. झाकण कशाने उघडलं, किती भरायचं याची खूण दिसली का, तोटी कशी सुटली. झाकण हाताने उघडलं, खूण दिसली नाही, आणि तोटीला बाबांचं बोट लागलं होतं.

"आई, तुम्हाला अजून काय वाटलं हिच्याबद्दल?"

सून टोमणा मारतेय असं प्रेमलाबाईंना वाटलं, पण ती खरंच पेन धरून बसली होती. मग त्यांनी सांगितलंच. "तोंड लई बारीक केलंय. सांडलं तर सगळं खाली वायरींवर. जादा झालेलं पाणी जायला वाट न्हाई. बत्तीस वर्षं पाणी भरून राह्यले मी, असलं भांडं दुकानातच ठेवून आले असते."

आठ दिवस आपण आवाज आणि तापमान मोजलं, पण पाणी भरणाऱ्या माणसाचा विचारच केला नाही, असं जान्हवीने कबूल केलं. टाकी आणि नळ्या धुऊन, कंपनीने सोबत पाठवलेलं खास पाणी भरून तिने चाचणी घेतली आणि संध्याकाळी मत पाठवलं. त्याखाली सासूचंही नाव घातलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. काम कायमचं झालं होतं आणि आणखी दोन पेट्या येणार होत्या. फक्त दुसऱ्या परीक्षकांचा अनुभव कळवावा, असं विचारलं होतं. जान्हवीने लिहिलं, पाणी भरणे, बत्तीस वर्षे.

संध्याकाळी तिचा नवरा अद्वैत ऑफिसातून आला, तर दिवाणखान्यातला ड्रम गायब, आणि आई त्या जागची फरशी पुसत होती.

"आई, ड्रम कुठंय?"

"समोरच्या कडूबाईला देऊन टाकला. पाण्यासकट."

अद्वैत दारातच थांबला. या गल्लीत पाण्याचा ड्रम कुणी कुणाला दिल्याचं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"असा काय बघून राह्यलास?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "जान्हवीच्या पेट्या मंग कुठं ठेवायच्या?"