पिवळ्यांचा कडू घास

माझ्या हातून सहसा चूक होत नाही. हे मी गर्वानं नाही, नोंद म्हणून सांगते आहे. वाशिमच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. ‘आधी निरीक्षण, मग अनुमान’ हे वाक्य दर जूनमध्ये फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते आणि वर्षभर कुणाला पुसू देत नाही. घरातही माझी मोहरी करपत नाही, दूध उतू जात नाही. त्यामुळे धडधाकट माणसाच्या मयतीला अर्धी गल्ली जमली, त्याची सुरुवात माझ्या स्वयंपाकघरातून झाली, यावर अजून कुणाचा विश्वास बसत नाही. पण झाली!

मूळ कारण फुटबॉल. आमचे हे, म्हणजे हरीओम, कृषी केंद्र चालवतात आणि साहेबाच्या देशातल्या एका लाल क्लबावर जीव टाकतात. भिंतीपलीकडे पंजाबभाऊ राहतात. हायस्कुलात गणित शिकवतात आणि त्याच गावातल्या पिवळ्या क्लबावर जीव टाकतात. क्लबांची नावं मी सांगणार नाही. एकदा सांगितली होती, तर वाचनालयात दोघांनी एकमेकांच्या चपला लपवल्या. ते गाव यातल्या कुणीच पाहिलेलं नाही. पण लालनं गोल केला की हे भिंतीवर मूठ मारायचे, आणि पिवळ्यानं केला की पलीकडून ताट वाजायचं. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, या दोन घरांत उंदीर फार आहेत.

गेली दोन वर्षं पिवळ्या क्लबाची आर्थिक स्थिती हलाखीची होती आणि आमच्या घरात दिवाळी होती. ज्या माणसाला आपलं वीजबिल किती येतं ते ठाऊक नाही, त्याला पिवळ्यांची तूट तोंडपाठ! खेळाडूंचे पगार थकले, हे नाश्त्याला कळायचं. मैदान गहाण पडलं, हे जेवताना. चांगला पुढचा खेळाडू विकायला काढला, तेव्हा यांनी मागून भात घेतला. लोक सोयाबीनचा भाव बघतात तसे हे रोज पिवळ्यांचं कर्ज बघायचे, आणि ते वाढलं की आमचं सोयाबीन वाढल्यासारखे खूश व्हायचे.

त्या शनिवारी रात्री शेवटची बातमी आली. क्लबाचं दिवाळं निघालं, दंड म्हणून गुण कापले गेले आणि पिवळे खालच्या श्रेणीत गेले. यांना तेव्हाच फटाके फोडायचे होते. मी समजावलं, की चार दिवसांवर भाऊंच्या लेकीचं, रूपालीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे. मुलगा, शिवम, कारंज्याचा. लांब कुठल्याशा जहाजावर नोकरी करतो. त्याची सुटी संपली की वर्षभर परत येणार नाही. अशा घरासमोर फटाके फोडणं शोभत नाही.

“मंग काय गप बसू?” यांनी विचारलं. “दोन वर्सं वाट पाह्यली म्या.”

तेव्हा मी ती युक्ती सुचवली. होय, माझीच! मी म्हटलं, त्यांना कडू घास पाठवू.

मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी बेसन-भाकर करून नेतात, आणि घरचे ती कशीबशी गिळतात. तो कडू घास. पिवळ्यांच्या मयतीचा घास भाऊंकडं न्यायचा. ना आवाज, ना धूर, गल्लीला पत्ता नाही. भाऊ चिडतील, दोन शिव्या देतील, संपलं. सासूबाई म्हणाल्या, असल्या गोष्टीची थट्टा करू नये. मी त्यांना समजावलं की पिठलं हा एक पदार्थ आहे, त्याला अर्थ आपण चिकटवतो.

रविवारी दुपारी मी निघाले. पिठलं जरा पातळ झालं होतं, म्हणून पाऊल जपून टाकत होते. ऊन होतं, म्हणून डोक्यावर पदर घेतला. माश्या बसू नयेत म्हणून टोपलीवर पांढरं फडकं टाकलं. हे तिन्ही निर्णय आजही मला बरोबर वाटतात.

पंजाबभाऊ ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल, मान खाली. त्यांच्या पत्नी अंजनाताई आणि रूपाली साक्षगंधाच्या साडीसाठी बाजारात गेल्या होत्या. भाऊंचे वडील पुंजाजीबाबा सकाळच्या एसटीनं शिरपूरला लेकीला आमंत्रण द्यायला गेले होते. बाबांचं वय पंच्याऐंशीच्या पुढं. एरवी त्यांची खाट ओट्यावर असते आणि ते खाटेवर असतात. आज ऊन लागू नये म्हणून जाताना त्यांनी खाट भिंतीशी उभी करून ठेवली होती. मोबाइल नेहमीसारखा कोनाड्यात.

मी टोपली पुढं ठेवली. भाऊंनी फडकं उचललं. बेसन पाहिलं, भाकर पाहिली, माझ्याकडं पाहिलं. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“साधना,” ते म्हणाले, “तुमच्या घरून आलं, हेच लय झालं. बाकी लोकं तर हसून राह्यले.”

आणि त्यांनी खरंच पहिला घास घेतला. आमच्या खिडकीतून हे बघत होते. त्यांचा चेहरा उतरलेला मला तिथूनही दिसला. चिडवायला जावं आणि समोरच्यानं आभार मानावेत, यासारखी निराशा नाही.

पण हे सगळं आणखी एका माणसानं पाहिलं होतं. समोर चंदाबाईंची पिठाची गिरणी आहे. पदर घेतलेली शेजारीण, पांढरं फडकं, बेसन-भाकर, रडणारा मुलगा, भिंतीला उभी केलेली खाट, आणि खाटेवरचा माणूस गायब! चंदाबाईंनी गिरणी बंद केली. निरीक्षण अचूक होतं. अनुमानही त्या पुराव्यावर दुसरं निघालं नसतं. मी तपासनीस असते तर पूर्ण गुण दिले असते. पडताळा राहिला, पण अशा वेळी कुणी विचारत नाही. ‘कोण गेलं हो?’ असं मयतीच्या दारात विचारणं बरं दिसत नाही.

मी घरी येऊन भांडी घासली. तेवढ्या वेळात चंदाबाईंचे फोन मंगरूळपीर ओलांडून कारंज्याला पोचले होते.

पुढचं मला नंतर भाऊंनीच सांगितलं. शिवमच्या वडिलांचा, जगदेवरावांचा फोन आला. आवाज जड. म्हणाले, बातमी समजली, फार वाईट झालं. भाऊंना वाटलं, शिवमही पिवळ्यांचाच आहे (स्थळ पसंत पडण्यात त्याचा मोठा वाटा होता!), त्यानं घरी सांगितलं असणार. भाऊ म्हणाले, दोन वर्षांपासून हाल पाहवत नव्हते, पैसा असता तर वाचले असते. मग जगदेवराव म्हणाले, अशा दुःखात साक्षगंध नको, पुढं ढकलू. पुढचं पोरगा सुटीवर येईल तेव्हा बघू.

भाऊंचा ऊर भरून आला. क्लबाच्या दुःखात साक्षगंध पुढं ढकलणारे सोयरे! असं घर आपल्या लेकीला मिळतं आहे! ते म्हणाले, “तुमी म्हनता तसं.” आणि फोन ठेवला.

मग लोक येऊ लागले. खांद्यावर टॉवेल, चेहरा गंभीर, येऊन अंगणात टेकायचे. कुणी बोलत नव्हतं. भाऊंनी प्रत्येकाला हात जोडले. नंतर ते मला म्हणाले, “मले ठाऊकच नव्हतं, साधना, वाशिमात पिवळ्याचे एवढे लोक हायेत म्हनून.”

खिडकीतून ही गर्दी बघून आमच्या यांचं धाबं दणाणलं. हे म्हणाले, “आपल्या लालचं एवढं मानूस जमत नाई कधी.” मत्सरानं बोलले की भीतीनं, ते सांगता येत नाही. माझं लक्ष मात्र त्या भिंतीला टेकलेल्या खाटेकडं गेलं. मग गिरणीकडं. मग माझ्या रिकाम्या टोपलीकडं.

मी धावत निघाले. त्याच वेळी रिक्षातून अंजनाताई आणि रूपाली उतरल्या. हातात पिशव्या. अंगण भरलेलं. अंजनाताईंच्या हातातल्या पिशव्या खाली पडल्या.

“बाबा?” एवढंच त्या म्हणाल्या.

“बाबा शिरपूरले गेले,” भाऊ म्हणाले. “तू बस आधी. एक सांगतो. जगदेवरावांचा फोन आलता. देवमानूस हाये. सोताच म्हनाले, साक्षगंध पुढं ढकलू.”

“कायच्यासाठी?”

“क्लबासाठी.”

अंजनाताईंनी नवऱ्याकडं जे पाहिलं, ते पाहून पुढच्या रांगेतले दोघं उठून मागं जाऊन बसले. रूपाली साडीची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिच्याकडं बघून मला पुढचं लपवणं शक्यच नव्हतं. मी सगळं सांगितलं. युक्ती माझी, बेसन माझं, पदर उन्हासाठी, आणि बाबा खुशाल आहेत.

मागून कुणीतरी विचारलं, “मंग मेलं कोन?”

“पिवळे,” मी म्हणाले.

चंदाबाई ताडकन उठल्या. “म्या माही गिरनी बंद केली ना!” त्या म्हणाल्या, आणि जाताना माझ्याकडं असं पाहिलं की पुढचे दोन महिने माझं पीठ जाडंच आलं.

रूपाली शिवमला फोन लावू लागली. तो उचलेना. आणि उचलणार कसा? गल्लीच्या तोंडाशी जीप वळली. जगदेवराव, त्यांचे दोन भाऊ आणि मागच्या सीटवर शिवम. सुतकातल्या घरी भेटायला आले होते. शिवमची दाढी वाढलेली, डोळे भाऊंसारखेच लाल.

जगदेवराव येऊन जमिनीवरच बसले. त्यांना सांगणार कोण? भाऊंना अजून नीट उमगलं नव्हतं. अंजनाताई पडलेल्या पिशव्या गोळा करत होत्या. मग मीच पुन्हा सुरुवात केली. या वेळी शिकवल्यासारखं, पायरीपायरीनं. जगदेवराव ऐकत होते. त्यांची मिशी हळूहळू ताठ होत होती.

“म्हंजे,” ते म्हणाले, “जित्या मानसाच्या मयतीसाठी मी कारंज्याहून जीप करून आलो. थट्टा चालली तुमची? असल्या घरात...”

वाक्य पूर्ण झालं असतं, तर लग्न मोडलं असतं. पण गल्लीतून रडण्याचा आवाज आला. पुंजाजीबाबा! धोतराचा सोगा हातात, मागं शिरपूरची लेक. चंदाबाईंची बातमी तिकडंही पोचली होती. पंजाबरावांच्या घरी कडू घास गेला, एवढीच. बाबा तेव्हा लेकीकडं पोहे खात होते. आपण तर खाऊन राह्यलो, म्हणजे गेलो नाही, हे त्यांनी ताडलं. मग कोण गेलं? रात्रभर ‘मी संपलो, मी संपलो’ म्हणत फिरणारा एकच माणूस त्यांच्या घरात होता.

बाबा अंगणात आले आणि समोर ओट्यावर मुलगा बसलेला. क्षणभर ते थबकले. मग त्यांनी हातातली काठी भाऊंच्या पाठीत हाणली.

“जित्ता हायेस? मंग काहून मारलंस मले बसमंदी? साऱ्या रस्त्यानं रडत आलो ना मी!”

आणि दुसरी काठी उगारता उगारता भाऊंना मिठी मारली. भाऊही आता खरोखर रडले, या वेळी फुटबॉलसाठी नाही.

बाबांनी डोळे पुसून गर्दीकडं पाहिलं. हे लोक कशाला जमले, म्हणून विचारलं. कुणीतरी सांगितलं, तुमच्यासाठीच. बाबांनी एकेक चेहरा पाहिला. कोण आलं, कोण नाही, हे त्यांच्या लक्षात राहणार हे स्पष्ट होतं. चेहऱ्यावर समाधान पसरलं. “एवढे?” ते म्हणाले. मग जगदेवरावांना पाहून, “अन् सोयरे कारंज्याहून? मी अजून गेलोबी नाई त येवढ्या लांबून धावत आले. अशा घरी पोरगी द्याची नाई त कुठं द्याची?”

आता जगदेवरावांना मिशी खाली घेण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी मागं वळून शिवमकडं पाहिलं. “हाबी आज दुपारी जेवला नाई,” ते म्हणाले. “मले वाटलं, आजेसासऱ्यासाठी. रडून राह्यला होता.” शिवमनं मान खाली घातली. जगदेवराव बराच वेळ भाऊंकडं आणि मुलाकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग रूपालीला म्हणाले, “पोरी, तुले घरी बापाची आठवन येनार नाई. तोच नमुना हाये आमच्याकडं. तारीख तीच.”

त्या संध्याकाळी त्या सगळ्यांचं जेवण मला करावं लागलं. बेसन-भाकर. पीठ मळायला यांना बसवलं. साक्षगंध ठरल्या दिवशी झालं. हे पहिल्या रांगेत बसले आणि कुणाला काही बोलले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, लाल जिंकले, पिवळे बुडाले, यांचं सुख पूर्ण झालं. मीही तसंच अनुमान काढलं होतं. नवा मोसम सुरू झाला. लालनं पहिल्याच सामन्यात गोल केला. यांनी सवयीनं भिंतीवर मूठ मारली. पलीकडून काही आलं नाही. पिवळे आता दुसऱ्या श्रेणीत, त्यांचा खेळ वेगळ्या वारी. हे मूठ चोळत बसले. जेवताना भात मागितला नाही. मोबाइलमध्ये चोरून काय बघतात म्हणून मी डोकावले, तर खालच्या श्रेणीची गुणतालिका! पिवळ्यांचं कर्ज फिटायला अजून किती, ते बघत होते. “कधी येतील वर, काय मालूम,” असं म्हणून त्यांनी उसासा टाकला.

दुसऱ्या दिवशी रविवार. हे दाढी न करता ओट्यावर मान खाली घालून बसले. दुपारी भिंतीपलीकडून अंजनाताई आल्या. डोक्यावर पदर, हातात टोपली, टोपलीवर पांढरं फडकं. गंभीर चेहऱ्यानं ती यांच्यापुढं ठेवली आणि आत जाऊन मनसोक्त हसल्या.

समोरची गिरणी थांबली.

मी आता शहाणी झाले होते. लगेच ओट्यावर येऊन खणखणीत आवाजात म्हणाले, “चंदाबाई, आमच्या घरात सगळे जिवंत आहेत!”

चंदाबाईंनी गिरणीच्या दारातून आमचा ओटा पाहिला, हे पाहिले, टोपली पाहिली. मग शांतपणे विचारलं, “मंग तुमची सासू कुठं दिसून नाई राह्यली?”

सासूबाई सकाळच्या एसटीनं पोहरादेवीला गेल्या होत्या. मोबाइल कोनाड्यात होता.

मी पीठ भिजवायला आत गेले.