घड्याळामागचा अर्ज

हिरडवाडीत बाईची वागण्याची रीत आईकडून लेकीत उतरते, आणि वेगळी हवी असेल तर कचेरीत अर्ज करावा लागतो.

शेवंताची आई भागूबाई. दारात कुणीही येवो, तिची एकच रीत. त्याचं तोंड दोन्ही तळव्यांत धरायचं, "किती वाळलास रे लेकरा!" म्हणायचं आणि आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडायची. तीच रीत शेवंतात उतरली. नवऱ्याचे कारखान्यातले मोठे साहेब घरी आले, तेव्हा तिचे हात आपोआप उठले. साहेबांचं वजन शंभराच्या वर. नवरा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. शेवंताला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

दुसऱ्या दिवशी तिनं कचेरी गाठली.

"आईचं खोडता येत नाही," तांबोळी भाऊसाहेब म्हणाले. "तिचं तिच्याकडं राहतंय. तुमच्या नावावर तुमचं चढवायचं. चढवलं की तुमचं चालतं, नाही चढवलं तर आईचं."

"चढवा मग. 'या, बसा, काय काम होतं?' एवढंच."

"वर 'आधी आईप्रमाणे करून' असं टाकू का? बऱ्याच बाया टाकतात."

"नको हो! तेच तर नको."

"आणि पाहुणा निघतानाचं? त्याला अर्ज वेगळा."

शेवंतानं तोही अर्ज घेतला, घरी नेऊन भरला आणि देऊ सवडीनं म्हणून घड्याळामागं खोचला.

मंगळवारी भागूबाई आली, पिशवीत ओल्या शेंगा घेऊन. शेवंता धावली. हात काही उठेनात.

"या, बसा, काय काम होतं?"

भागूबाई उंबऱ्यातच थांबली. "वेगळं चढवलंस व्हय गं?"

शेवंतानं मान खाली घातली.

"लाज वाटली माझी?"

"साहेबांचं तोंड लई मोठं होतं, आई. हातात मावेना."

म्हातारी हसली नाही. अर्धा कप चहा प्याली. "निघते मग."

निघतानाचं अजून आईचंच होतं. शेवंतानं तिचा पदर धरला, हातावर गुळाचा खडा ठेवला, "एक दिस तरी राहा की गं," म्हणत रडत रडत पार बाभळीपर्यंत गेली.

बाभळीखाली भागूबाईनं डोळे बारीक केले. "हे ठेवलंस व्हय?"

"ठेवलं की," शेवंता म्हणाली. तिचे कान तापले.

भागूबाई वळली आणि पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

"या, बसा, काय काम होतं?"

"काही नाही. निघते."

पुन्हा पदर, गूळ, बाभूळ. त्या दिवशी म्हातारी अकरा वेळा निघाली, तेव्हा कुठं एसटीत बसली. गुळाचा डबा तळाला गेला.

अर्ज अजून घड्याळामागंच आहे. शेवंता तिकडं बघत नाही. किती वाजले ते शेजारणीला विचारते.

बुधवारी सकाळी कडी वाजली.

"या, बसा, काय काम होतं?"

"निघायला आले," भागूबाई म्हणाली, आणि तिनं पदर पुढं केला.