एका ओळीत मावणारी माणसं

विष्णुपंतांनी साताऱ्यातल्या त्यांच्या वाचनालयाची मागची खोली सुमंतला तीन महिन्यांच्या बोलीवर दिली होती. तीत दोन कॉम्प्युटर मांडून त्याने वर्ग काढला. वर्धापनदिनी देणगीदारांची नावं पडद्यावर नीट झळकली तर खोली कायमची त्याची, नाहीतर तिथे पुन्हा जुनी मासिकं रचायची, असं ठरलं होतं. साल होतं १९९९. जावा म्हटलं की गावाला मोटारसायकल आठवायची, आणि हा पठ्ठ्या त्याच नावाच्या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहायला बसला.

प्रोग्रॅम झाला, पण नीट चालेना. रंगीत, ठळक अक्षरांचं नाव खालून वर सरकायचं, तेही उचक्या देत. वर पोचेपर्यंत चहा निवायचा.

आजवर देणगीदारांचे फलक रंगवायचे ते इमाम पेंटर एक दिवस खोलीत आले. कॉम्प्युटरने आपलं काम नेलं म्हणून हे खोड काढायला आले असतील, असं सुमंतला वाटलं. म्हाताऱ्याने मात्र स्टूल ओढून तासभर पडदा बघितला आणि यंत्र नक्की काय करतं ते विचारून घेतलं.

"आवं सुमंतराव, ह्ये दर बारीला नव्यानं मापं का काढतंय? अक्षरं काय वाढत्यात व्हय? आमी एकदाच मापतो, खडूनं रेघा मारतो, मग नुसता ब्रश फिरवायचा."

जाडजूड पुस्तकं चाळूनही सुमंतला हे सुचलं नव्हतं. प्रत्येक ओळ एकदाच मापून तयार ठेवायची आणि नंतर फक्त उमटवायची, असा बदल त्याने केला. नाव लोण्यासारखं सरकू लागलं. त्याने इमामभाईंना मनोमन हात जोडले. एवढं डोकं या माणसाने साऱ्या जन्मात दुकानांच्या पाट्यांवर खर्च केलं, याची त्याला हळहळही वाटली.

इमामभाईंनी आणखी एक बजावलं. नाव मध्येच तोडायचं नाही, माणूस रागावतो. मग सुमंतने नियमच घातला, की मजकूर कितीही असो, एकाच ओळीत काठोकाठ बसवायचा आणि त्या मानाने अक्षर लहानमोठं करायचं. दोघांनी आपापली नावं घालून बघितली. झकास दिसली.

कार्यक्रमाच्या सकाळी विष्णुपंतांनी स्वहस्ते लिहिलेली यादी आली. ती घाईने टाइप करताना सुमंतला काही खटकलं नाही.

संध्याकाळी सभागृहाच्या भिंतीवरच्या पडद्यावर पहिलंच नाव आलं ते अध्यक्षांचं. मा. श्री. विष्णुपंत, निवृत्त मुख्याध्यापक, आजीव सभासद, तीन संस्थांचे विश्वस्त, माजी हे आणि विद्यमान ते. सगळं एका ओळीत बसलं, मुंग्यांची रांग जावी तसं. यंत्र बंद पडलं का, असं मागून कुणीतरी विचारलं. मग सुभेदारसाहेब आले, पदकांसकट. त्याही मुंग्याच. आणि मग भिंत भरून नाव आलं: साळूबाई.

साळूबाई वाचनालय झाडायची. तिने बसायला दोन चटया दिल्या होत्या. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. सुमंतच्या डोळ्यांपुढे मासिकांचे गठ्ठे नाचू लागले.

चहाच्या सुट्टीत विष्णुपंत आले. सुमंतने माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हळूच विचारलं, "बदलायला किती वेळ लागेल?"

"मिनिटभर."

"मग माझं नुसतं विष्णुपंत ठेव."

त्यांच्यामागे रांगच लागली. सुभेदारांनी पदकं काढून दिली, डॉक्टरांनी 'डॉ.' सोडला. आयुष्यभर जमवलेले किताब माणसं चपलांसारखे काढून ठेवत होती.

शेवटी साळूबाई आली, पदर तोंडाला लावून.

"बाबा, माज्या नावाला कायतरी चिकटव की. समदी वळून बघत्यात. लय लाज वाटतीया."

सुमंतने विष्णुपंतांकडे पाहिलं. त्यांनीच सावकाश सांगितलं, "लिही. माननीय श्रीमती साळूबाई, बावीस वर्षं रोज पहाटे हे वाचनालय उघडणाऱ्या, झाडणाऱ्या, एकदाही रजा न घेणाऱ्या."

सुट्टीनंतर भिंतभर नावं सरसर आली, विष्णुपंत, मग सुभेदार. टाळ्या बेताच्याच पडल्या. शेवटी ती बारीक ओळ आली. कुणालाच वाचता येईना. पुढची रांग उठली, मागचीही उठली, आणि सारं सभागृह पडद्याला नाक लावून साळूबाईला वाचू लागलं.

विष्णुपंतांनी चष्मा पुसला. साळूबाईला जवळ बोलावून ते म्हणाले, "बाई, उद्यापासून सुमंतची खोलीही उघडत जा."