बर्निसबाईंची लिली आणि माझा सॉना

आमच्या गल्लीत माझ्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नाही! हे मीच सांगतोय म्हणून हसू नका, पुरावा आहे. डिसेंबर लागला की आमच्या बर्फाळ डुलुथमधली निम्मी म्हातारी मंडळी गुडघे सांभाळत ॲरिझोनाच्या उन्हात पळतात आणि जाताना घराच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या जुडग्यात पाच घरं होती! नळ गोठले नाहीत ना बघायचं, टपाल उचलायचं, दारातला बर्फ ओढायचा. खिशात जुडगा खुळखुळला की मला गावची पाटीलकी मिळाल्यासारखं वाटे.

झाडं मात्र कुणी माझ्याकडे देत नसे. ती पलीकडच्या गल्लीत जात. का जात, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

म्हणूनच बर्निसबाई कुंडी घेऊन दारात आल्या तेव्हा माझी छाती दोन इंच फुगली. कुंडीत पीस लिली होती, पांढऱ्या फुलांची. आठ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान ऑर्लो गेले, तेव्हा अंत्यविधीला भेट म्हणून आलेली. असं झाड आमच्याकडे कुणी टाकत नाही. ते खिडकीत राहतं, गेलेल्या माणसाच्या खुर्चीशेजारी.

"आर्डेन, ही तुझ्याकडेच ठेवते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडे नाही."

त्या गेल्यावर माझी बायको मार्लिस म्हणाली, "परत देऊन ये."

"का?"

"आपला कॅक्टस आठवतोय?"

तो कॅक्टस वय होऊन गेला होता. पण बायकोशी वाद घालण्यात अर्थ नाही.

जानेवारीत पानांवर तपकिरी ठिपके उमटले, भोवती पिवळी कड. मी लगेच निदान केलं: हीटरमुळे हवा कोरडी, बाईसाहेबांना तहान लागलीय! सकाळ, दुपार, संध्याकाळ पानांवर पाण्याचा फवारा सुरू केला. पानं कशी न्हाऊन निघत! आठवड्यात ठिपके दुप्पट झाले. मग मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि खराब पानं छाटली. हात मोकळाच होता, म्हणून त्याच कात्रीने मार्लिसच्या कुंड्यांतल्या बेगोनियांचीही हजामत केली. दहा दिवसांत बेगोनियांवरही ठिपके!

मार्लिसने उरलेल्या बेगोनिया उचलून झोपायच्या खोलीत नेल्या आणि दार लावून घेतलं. मीही आत येताना हात धुवावेत, असं ठरलं.

आता माझी झोप उडाली. ऑर्लोची आठवण माझ्या हातून मरणार! बर्निसबाईंना तोंड कसं दाखवू? अशा वेळी माझ्या फिनलंडहून आलेल्या आजोबांची शिकवण कामी आली. आमच्या घराण्यात सर्दीपासून भाऊबंदकीपर्यंत सगळ्यावर एकच इलाज: सॉना, म्हणजे बंद लाकडी खोलीत तापल्या दगडांच्या वाफेत घाम काढत बसायचं. तळघरातली भट्टी मी अगदी मंद पेटवली, दगडांवर ओंजळभर पाणी टाकलं आणि खालच्या बाकावर लिलीला बसवलं. वरच्या बाकावर टॉवेल गुंडाळून मी. तीन संध्याकाळी आम्ही दोघं घाम काढत बसलो. निदान मी तरी.

बावीस पानांची पाच उरली.

शेवटी शनिवारी ग्रंथालयात गेलो. तिथे झाडांच्या तक्रारी ऐकायला एक बाई बसतात. झाड मित्राचं आहे, असं सांगून त्यांच्यासमोर पिशवीतलं पान ठेवलं. बाईंनी भिंग लावलं. ही बुरशी, म्हणाल्या. तिला ओलं पान आणि कोंदट हवा मिळाली की झालं. ठिपक्यांची पानं काढायची, पण प्रत्येक काप घेतला की कात्री स्पिरिटने पुसायची. पाणी सकाळी, तेही मातीत, पानावर थेंब नको. इतर झाडांपासून लांब ठेवायची आणि वारा खेळता हवा.

"आणि सॉना?" मी हळूच विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. "मित्राने सॉनात नेली?"

"थोडा वेळ."

"मित्राला म्हणावं, बुरशीला याहून मोठी मेजवानी देता आली नसती."

रविवारी चर्चमध्ये मन लागेना. आमच्याकडे प्रार्थनेसाठी चिठ्ठी टाकायची सोय आहे. झाडाचं नाव लिहायची लाज वाटली. म्हणून लिहिलं, 'बर्निसबाईंसाठी. पुढे जे ऐकावं लागेल ते सोसायचं बळ मिळो.' पाद्रीबाईंनी ती चिठ्ठी जड आवाजात वाचली. प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या वेळी सगळे कुजबुजत होते. एकजण म्हणाली, बर्निसचा रंग नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून उतरलेलाच होता. तेव्हाच बोललो असतो तर संपलं असतं. पण माझ्या तोंडात लिंबाची वडी होती आणि अंगात धैर्य नव्हतं.

त्या दिवशी ॲरिझोनात सोळा फोन गेले. सगळ्यांनी बर्निसबाईंना धीर दिला, कशासाठी ते कुणालाच सांगता येईना. त्यांनी घाबरून तिथल्या डॉक्टरकडे सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात. त्यावर त्यांची खात्रीच पटली की डॉक्टरही लपवतोय! फेब्रुवारीत, उणे पंचवीस थंडीत, त्या विमानाने परत आल्या आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात.

"आर्डेन, तू खोटं बोलणार नाहीस. मला काय झालंय?"

त्यांनी अंगातला कोटही काढला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं ओकलो: फवारा, कात्री, सॉना, चिठ्ठी. मग मागच्या खोलीतून लिली आणून टेबलावर ठेवली. ग्रंथालयातल्या बाईंचा शब्द मी तंतोतंत पाळला होता. भर थंडीत पंखा लावला होता, मार्लिस घरात कोट घालून वावरत होती! पाचही पानांवर नवा ठिपका नव्हता आणि मधोमध एक कोवळी सुरळी वर आली होती.

"वाचली!" मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते.

बर्निसबाईंनी ती सुरळी बोटाने चाचपून पाहिली.

"वाचली," त्यांनी सुस्कारा टाकला. "आर्डेन, ऑर्लोला झाडं बघवत नसत. ही त्याच्या बहिणीने, व्हर्नाने, पाठवली. आठ वर्षं दर रविवारी ती फोन करते आणि आधी हिची तब्येत विचारते, मग माझी. माझ्या हाताने मला टाकवत नाही."

"मग माझ्याकडे का दिलीत?"

त्यांनी मार्लिसकडे पाहिलं. मार्लिसने कपात पाहिलं.

"सगळी गल्ली तुझ्या हातगुणाबद्दल खात्रीने सांगत होती," बर्निसबाई म्हणाल्या.

मी खिशातला जुडगा घट्ट धरला. तेवढा तरी माझ्याकडेच होता.

त्या कॉफी संपवून उठल्या. मी कुंडी कागदात गुंडाळू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे इथेच, मार्चपर्यंत," त्या म्हणाल्या. "तुमचा सॉना चालू आहे ना अजून?"