शत्रू पाणी देतो

घरात सलग तिसऱ्या दिवशी कोबीची भाजी झाली, तेव्हा सासूबाईंनी ताटाकडे न बघताच विचारलं, "आज किती मेले गं?"

"अकरा," सून म्हणाली. "आणि एकाचा हात मोडला. त्याची गाजरं उद्या."

बाहेरच्या कुणी हे ऐकलं असतं तर पोलिसांनाच बोलावलं असतं. पण त्या घराचा धंदाच तसला होता. सून सिनेमाला आवाज पुरवायची. पडद्यावर कुणी चाललं, कुणी कप ठेवला, कुणी दार आपटलं, की ते आवाज नंतर एका बंद खोलीत पडद्याकडे बघत बघत पुन्हा करावे लागतात. ते काम हिचं. युद्धाचा सिनेमा असला की कोबी लागायचा. संगीन खुपसल्याचा आवाज कोबीच्या गड्ड्याइतका छान दुसरं काही देत नाही. हाड मोडायचं असलं की गाजर. आणि काम झालं म्हणून चांगला कोबी टाकून द्यायला तिचा हात धजायचा नाही.

नवराही सिनेमातच होता. त्याला गेली सव्वीस वर्षं शत्रूचंच काम मिळत होतं. रुंद जबडा, जाड भुवया, गालावर लहानपणी जिन्यावरून पडल्याचा व्रण. दिग्दर्शक बदलायचे, गणवेशाचे रंग बदलायचे, हा आपला शत्रूच. गल्लीतही त्याचं तेच नाव पडलं होतं. दूधवाला खालून हाक मारायचा, "शत्रू आहेत का घरात?" आणि शत्रू बिचारा पातेलं घेऊन धावायचा. स्वभावाने इतका मऊ, की रांगेत मागून कुणी ढकललं तर हाच वळून "लागलं का?" म्हणून विचारायचा.

सासूबाईंना मात्र हा मऊपणा खरा वाटत नव्हता. त्यांचं गणित सरळ होतं. "सिनेमा खोटा असेल रे. पाय कुणाचा होता?"

"आई, दिग्दर्शकानं सांगितलं म्हणून मी..."

"दिग्दर्शकानं सांगितलं. पण जखमी पडलेल्या पोराला लाथ घातली ती कुणी? नऊ महिने तो पाय पोटात वागवलाय मी. मला ओळखू येतो."

त्या लाथेला एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हापासून सासूबाईंनी लेकाचा एकही सिनेमा बघितला नव्हता. त्याला ताप आला तर रात्ररात्र उशाशी बसायच्या, पण मुलगा काय करतो असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बाहेरगावी असतो." तो शेजारच्या खुर्चीत बसून वाटाणे सोलत असला तरी.

म्हणून या वेळचा सिनेमा घरासाठी मोठा होता. कामाच्या कागदावर तीनच शब्द होते : शत्रू पाणी देतो. रणांगणावर समोरच्या सैन्यातला एक पोरगा जखमी होऊन पडलेला असतो, शत्रू गुडघे टेकून बसतो आणि त्याला आपल्या बाटलीतलं पाणी पाजतो. नवऱ्याने तो कागद आईच्या उशीजवळ नेऊन ठेवला. चित्रीकरण होऊन आल्यावर आईने त्याला समोर बसवलं.

"खरं पाणी होतं?"

"बाटली रिकामीच दिली होती आई. पण तो पोरगा सकाळपासून उन्हात पडून होता. मग मीच भरून घेतली."

"प्यायला?"

"सगळं."

सासूबाईंनी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, "तर मग बघीन हा सिनेमा."

त्या दिवसापासून नवरा घरात शीळ घालत फिरत होता.

गाजरांच्या दिवशी सून कामावर पोचली, तर दिग्दर्शक आधीच येऊन बसला होता. ही काही चांगली खूण नव्हती.

"ताई, एक छोटासा बदल आहे."

छोट्याशा बदलांची तिला सवय होती. मागे एकदा अशाच छोट्याशा बदलात घोड्याचं जहाज झालं होतं.

"निर्मात्यांनी मित्रमंडळींना सिनेमा दाखवला," दिग्दर्शक म्हणाला. "ते म्हणतात, शत्रू पाणी कसं देईल? रक्त उसळायला पाहिजे तिथं लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं."

"मग चांगलंच की."

"कसलं चांगलं! शेवटाकडे त्याच शत्रूला आपला नायक मारतो. तेव्हा टाळ्या कोण वाजवणार? आता परत चित्रीकरण करायला सेटवरचा डोंगर उरलेला नाही, त्याचं लाकूड विकून टाकलं. पण नशीब बघा, दृश्य पाठमोरं आहे. शत्रूची पाठ दिसते, हात दिसत नाहीत. तो काय करतोय ते फक्त आवाजावरून कळतं. तेव्हा तुम्ही मागे दिलेल्या पाण्याच्या आवाजाऐवजी आता सुरी द्या."

सुनेने हातातली गाजरं खाली ठेवली. तिला वाटलं, एवढंच असतं तर माणसाचं! पाठ तीच, वाकणं तेच. मागून कोबी वाजला की खुनी, पेला वाजला की देवमाणूस.

"नाही," ती म्हणाली.

"कोबी नाही?"

"कोबी आहे. मी करणार नाही."

"अहो ताई, तुमचा त्या जबडेवाल्याशी संबंध काय?"

"त्या जबड्याला मी रोज दोन वेळा वाढते."

दिग्दर्शकाने एकदा तिच्याकडे, एकदा पडद्याकडे बघितलं. तेवढ्यात काचेपलीकडून यंत्रावरचा माणूस म्हणाला, "सर, एक शंका. हा जखमी शेवटच्या दृश्यात कुबड्या घेऊन उभा आहे. गळा चिरलेला माणूस..."

"कापून टाक ते!"

"तो निर्मात्यांचा भाचा आहे, सर."

दिग्दर्शकाने निर्मात्यांना फोन लावला. पलीकडचं बोलणं फोन न लावलेल्या कानांनाही ऐकू येत होतं. भाचा पडद्यावर एकूण किती सेकंद दिसतो ते निर्मात्यांच्या बहिणीने मोजून ठेवलं होतं. त्यातला एक जरी कमी झाला, तर निर्मात्यांना बहिणीचं घर कायमचं बंद. अर्ध्या तासात निर्माते स्वतः येऊन थडकले आणि त्यांनी खुर्चीत बसता बसताच तोडगा काढला.

"मारू नका. तो त्याच्यासमोर पाणी जमिनीवर ओतून टाकतो. आणि हसतो. क्रूर! ओतायचा आवाज बाई करतील, हसायला त्या माणसाला बोलवा."

घरी फोन गेला, "ताबडतोब या, तुमचा आवाज पाहिजे." नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या आणि सोबत आईला घेऊन आला. शत्रूने पाणी देताना काहीतरी बोलायचं असणार, अशी दोघांनी वाटेत समजूत करून घेतली होती. सासूबाईंनी तर शब्दही सुचवले होते : "सावकाश पी रे, ठसका लागेल."

आल्या आल्या सासूबाई पडद्यासमोरच्या स्टुलावर ताठ बसल्या. "हं. दाखवा."

दृश्य सुरू झालं. धूर, चिखल, पडलेला पोरगा. मग ती रुंद पाठ आली, गुडघ्यांवर बसली, वाकली. सासूबाई पुढे झुकल्या. एकोणीस वर्षांनी त्या लेकाला पडद्यावर बघत होत्या.

"आता हसा," दिग्दर्शक म्हणाला. "मोठ्यांदा. समोरच्याची तहान बघून मजा वाटतेय, असं."

नवरा मायकासमोर उभा होता. "पण मी तर पाणी..."

"पाणी ओतून टाकलंत तुम्ही."

"कुणी ओतलं?" सासूबाईंनी मान वळवली.

"आजी, तुम्ही मध्ये बोलू नका."

नवऱ्याने सव्वीस वर्षांत कुठल्याही दिग्दर्शकाला नाही म्हटलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. आधी उचकी आली. मग खोकला. तिसऱ्या वेळी काहीच आलं नाही. त्याने मायकावर हात ठेवला, जणू मायकालाही हे ऐकवायचं नव्हतं, आणि म्हणाला, "साहेब, लाथा घातल्या, घरं पेटवली, तुम्ही म्हणाल ते केलं. एवढं पाणी तेवढं राहू द्या."

"हसणारे छप्पन मिळतील मला!" निर्माते म्हणाले.

"मिळतील की," असं म्हणून सून उठली आणि कोपऱ्यातले बूट तिने पिशवीत घातले. जुने, खिळे मारलेले, जड बूट. गेली कित्येक युद्धं ती या एकाच जोडीवर लढत आली होती. खडीच्या ट्रेमध्ये उभं राहून त्याच बुटांनी ती डावीकडचं सैन्य चालवायची, चहा पिऊन झाला की उजवीकडचं. फरक आजवर कुणालाही कळला नव्हता.

"हे काय चाललंय?" दिग्दर्शकाला घाम फुटला. "शेवटची लढाई बाकी आहे!"

"असू दे. बूट माझे आहेत. दोन्ही सैन्यं अनवाणी पळवा."

"शुक्रवारी सिनेमा लागतोय, ताई!"

"लागू दे ना. मी कुठं अडवलंय?"

कोबीही पिशवीत गेला. ती दारापर्यंत पोचली, तेव्हा निर्मात्यांनी हात वर केले. बराच वेळ घासाघीस झाली आणि शेवटी ठरलं, की तिथे आवाजच नको. पाणी नाही, सुरी नाही, हसणं नाही. सगळं शांत, आणि लगेच मध्यंतर. ज्याला जे वाटायचं ते वाटू दे. निर्मात्यांना खात्री होती, की लोकांना सुरीच वाटेल. कुबड्यांवरच्या भाच्याला आपल्यातल्याच कुणीतरी नंतर वाचवलं असेल, असं लोक समजून घेतील.

परत येताना नवरा म्हणाला, "निम्मं तरी जिंकलो."

"काय जिंकलास?" सासूबाई म्हणाल्या. "मला माहीत आहे तू पाणी दिलंस. पण दूधवाल्याला कसं कळणार?"



शुक्रवारी संध्याकाळी तिघं सिनेमाला गेले. थिएटर भरलेलं होतं. नवरा कॉलर वर करून आई आणि बायको यांच्या मध्ये बसला. पडद्यावर ते दृश्य आलं आणि सगळे आवाज एकदम थांबले. तोफा, वारा, बूट, काही नाही. नुसती ती पाठ, वाकलेली. आठशे माणसांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मागच्या रांगेतला एक गृहस्थ मक्याच्या लाह्या खाता खाता बायकोला म्हणाला, "आता बघ. गळा चिरतोय."

सासूबाई वळल्या. "पाणी देतोय तो."

"आजी, सिनेमा बघा."

"तोच बघतेय. पाणी देतोय म्हटलं ना!"

"शत्रू आहे तो! शत्रू कशाला पाणी देईल?"

तेवढ्यात मध्यंतराचे दिवे लागले. सासूबाई उभ्याच होत्या.

"तुम्हाला काय माहीत, काय देतोय?" गृहस्थ म्हणाला.

"मी आई आहे त्याची."

"कुणाची? जखमीची?"

"शत्रूची."

आजूबाजूच्या चार रांगांनी माना वळवल्या. नवरा खुर्चीत इतका खाली सरकला, की कॉलर तेवढी उरली. पण गृहस्थाने ओळखलंच. "अरे, हाच तो! मागच्या सिनेमात यानंच घरं पेटवली होती!"

"पेटवली," सासूबाई म्हणाल्या. "ते मी त्याला सुनावलंय, पुढेही सुनावीन. पण तेव्हा कुणी काही विचारलं नाही याला. तिकिटं काढून बघत बसलात ना सगळे? आज पाणी दिलं, तर लगेच पुरावा पाहिजे? ऊठ रे. सांग यांना."

नवरा उठला. सगळे त्या जबड्याकडे बघत होते. त्याने कॉलर खाली केली.

"पाणीच दिलं मी," तो म्हणाला. "चार तास उन्हात पडलं होतं पोर. ओठ फुटले होते. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा, निर्मात्यांचा भाचा आहे."

मागून कुणीतरी "काय म्हणाला? काय म्हणाला?" असं विचारलं आणि रांगेरांगेने निरोप मागे गेला. पाणी दिलं. पाणीच दिलं म्हणे. सुनेने आयुष्यभर हजार आवाज केले होते, पण एका माणसाचं म्हणणं थिएटरभर असं पसरताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

दिवे गेले. सिनेमा पुढे सुरू झाला. शेवटाकडे नायकाने त्याच शत्रूला गाठलं आणि संगीन खुपसली. आवाज उत्तम आला होता. निर्मात्यांनी मोठ्या आशेने ठेवलेल्या टाळ्यांच्या जागी थिएटरात एकही टाळी पडली नाही.

"याला कशाला मारलं?" मागचा गृहस्थ जवळजवळ ओरडलाच. "यानं पाणी दिलं होतं ना!"

सासूबाईंनी पिशवी उचलली. "चला. पुढचं नाही बघायचं मला."

"आई, दहाच मिनिटं राहिलीत," नवरा कुजबुजला. "शेवटी आपण जिंकतो."

"आपण म्हणजे कोण रे? आपण तर आत्ताच मेलो," असं म्हणून त्या अंधारात पाय चाचपत निघाल्या. मागचा गृहस्थही लाह्यांचा पुडा बायकोच्या हातात देऊन उठला आणि म्हणाला, "आजी, पायरी आहे हं. माझा हात धरा."