ए भाऊ, रुमाल दिसत नाय का?

"हाऊसफुल्ल होणार! पाय ठेवायला जागा मिळाली नाही ना, तर मग बोला!" दहावीतल्या स्वरदानं यशोधनदादाला छातीठोकपणे सांगून टाकलं.

यशोधनदादा म्हणजे विलास टॉकीजच्या मूळ मालकांचा नातू. टॉकीज कित्येक वर्षं बंद. ते पाडून मंगल कार्यालय बांधायचं त्याच्या डोक्यात होतं, तर गल्लीतल्या पोरांना तिथे नाटक-गाण्यांचं सांस्कृतिक केंद्र हवं होतं. शेवटी त्यानं अट घातली, "एक कार्यक्रम करून दाखवा. लोक शेवटपर्यंत बसले, तर टॉकीज तुमचं!"

झालं! स्वरदानं गोदावरीच्या स्वच्छतेवर नाटुकलं लिहिलं. पण ते बघायला येणार कोण? मग बाईसाहेबांनी रिक्षावर भोंगा चढवला आणि पंचवटीपासून भद्रकालीपर्यंत जुन्या थाटात गर्जना केली, "आपलं विलास टॉकीज पुन्हा सुरू होतंय होऽऽ! पूर्वी यायचात, तस्सेच या!"

आणि लोक खरंच तस्सेच आले!

रविवारी दार उघडलं आणि गर्दी अशी घुसली, जणू आत द्राक्षं फुकट वाटतायत! पिंपळगावहून कुसाबाई तर अख्खा टेम्पो भरून आल्या. खुर्च्यांवर धडाधड रुमाल, टोप्या, पिशव्या पडल्या. शेजारचे गंगाधरकाका तरुणपणी खुर्चीवर कोरलेलं आपलं नाव शोधत होते. "सापडलं गं!" ते आनंदानं ओरडले. मालिनीकाकू कौतुकानं वाकल्या. बदामात काकांचं नाव होतं खरं, पण शेजारचं नाव मालिनी नव्हतं!

तेवढ्यात यशोधनदादा आला आणि पहिल्या रांगेत टेकला.

"ए भाऊ, रुमाल दिसत नाय का?" कुसाबाई कडाडल्या. "माझ्या जावंची जागा हाय!"

"मावशी, अहो, हे टॉकीज माझं आहे!"

"आसंल! रुमाल माझा हाय!"

बिचारा पायरीवर जाऊन बसला. स्वरदाला डोळ्यांसमोर वरातीचा बँड दिसायला लागला!

दिवे मंदावले. शिट्ट्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. गोदावरी झालेल्या भाग्यश्रीनं पाऊल टाकलं मात्र, खणखण नाणी बरसली! एक थेट तिच्या कपाळावर!

"आई गंऽऽ!" गोदामाई कळवळली. "वन्स मोर!" मागून आरोळी आली.

पण मग हळूहळू सगळं शांत झालं. अंधारात पोरंबाळं मांडीवर आली, दाण्यांच्या पुड्या हातोहात फिरल्या. मालिनीकाकूंनी रागावल्या रागावल्याच काकांच्या हातावर चार दाणे ठेवले. यशोधनदादा पायरीवरून सगळीकडे बघत राहिला. "आजोबा इथेच बसायचे," तो पुटपुटला. "पिक्चर नाही, लोकांचे चेहरे बघत."

नाटुकलं संपलं. टाळ्या पडल्या. दिवे लागले. आणि काय आश्चर्य! एकही माणूस जागचा हलेना! मिनिटं गेली, तरी सगळे टक लावून स्टेजकडे बघतायत.

यशोधनदादा पायरीवरून उठून स्वरदाकडे आला. "संपलं तरी कुणाचा पाय निघत नाहीये गं! ठरलं! टॉकीज तुमचं!"

स्वरदा हरणासारखी उडी मारून स्टेजवर चढली. लेखिकाबाईंनी हात जोडले. "रसिकहो..."

पहिल्या रांगेत कुसाबाईंनी पदर खोचला, मांडी घातली आणि त्या लाडानं म्हणाल्या, "पोरी, जाहिरात लय भारी होती बघ. आता व्हय बाजूला, अन् पिक्चर लाव!"