नाथाजींची बिघाडवही

नाथाजींना ट्रक विकायचा नव्हता. फौजेत ड्रायव्हर होते, पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी तो घेतला आणि वीस वर्षं स्वतःच चालवला. पण आता गुडघे कुरकुरू लागले आणि मुलाने, वीरधवलने, परस्पर गिऱ्हाईक ठरवून टाकलं. कवठे महांकाळचे बेदाण्याचे व्यापारी, धन्यकुमार.

सौदा मोडायला नाथाजींची सगळी भिस्त आता ट्रकच्या बिघडलेल्या वायरिंगवर होती. ब्रेक दाबला की कधी वायपर हलायचे, कधी हेडलाइट जायचे, तर कधी गाडी जागेवरच गप्प व्हायची. मात्र रहिमतपुरात गुंडा वायरमनच्या दारात नेली की सगळं झकास. गुंडाने चारदा फ्यूज बदलले, दोनदा अर्थिंग घासलं आणि शेवटी म्हणाला, "गाडी बरी हाय. तुमीच जरा इसावा घ्या."

धन्यकुमार आले. नाथाजींनी कॅबिनमध्ये चढून दहा वेळा ब्रेक दाबला. वायपर ढिम्म. हेडलाइट लख्ख. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच ट्रकचा मनापासून राग आला.

"शेठ, हिच्यात लय खोड हाय. लाइट मधीच जात्यात."

"आत्ता तर हायत की."

"आत्ता हायत, हीच तर खोड!"

"आबा, तुमी घरात जावा बघू," वीरधवल दात आवळून म्हणाला.

नाथाजी घरात गेले आणि एक जाडजूड वही घेऊन परतले. फौजेची शिस्त. एकूणएक बिघाड तारीख, वेळ, ठिकाण घालून लिहिलेला. आता गिऱ्हाईक पळतंय, याची त्यांना खात्रीच होती.

धन्यकुमारांनी चष्मा लावून वही चाळली. त्यांचा चेहरा उजळला. "आवं, जो माणूस येवढं लिवून ठेवतोय, त्यानं गाडी किती जपली आसंल! सौदा पक्का. वही बी द्या."

ट्रक गेला. दुपारी बायकोने, लीलाबाईंनी, वाढलेली भाकरी ताटात तशीच राहिली. लोखंडासाठी कुणी जेवण सोडतं का, असं त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"नाथाजी, गाडी मिरजंच्या अलीकडं गप झालीया. दोन वायरमन झालं. मग तुमची वही काढली, तर उपाय म्हणून सगळीकडं एकच लिवलंय, 'खाली उतरलो. चहा घेतला. चालू झाली.'"

"मग?"

"चार चहा झाले की! अजून चालू हुईना."

"कुणी घेतला चहा?"

"मी आन् ड्रायव्हरनं."

"तुमी घिऊन कसं चालंल? थांबा तितंच. मी येतो."

नाथाजी टोपी शोधू लागले. लीलाबाईंनी पिशवी काढली. "आवं, किती दिसांची कापडं घालू?"

"घाल चांगली म्हैनाभराची," नाथाजी गंभीरपणे म्हणाले. "ती खोड लगीच दिसणाऱ्यातली न्हाई."